चौथ्या गाण्याच्या दोन प्रती

दि. ११ जून

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पिल्लाला पापा. अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताला पाच टाके आहेत. ते पुढे सांगते.

आईचा तो अल्बम कंपनी पुन्हा काढतेय. मूळ टेपवरून नवा मास्टर करायचं काम माझ्याकडे आलंय. पंचवीस वर्षं लोकांची एकच तक्रार: गळा दैवी, पण चौथं गाणं घोंगडीखालून आल्यासारखं. मला वाटायचं, टेपच हलकी असेल. पण टेप स्वच्छ आहे. रेकॉर्डिंग बाबांचंच, आणि ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग, त्यांनीच नंतर दाबलाय.

मी तो उघडला आणि दोन मिनिटं दहा सेकंदांवर तू ऐकू आलास.

आधी रिळाचा लोखंडी डबा. मग तुझं, "बाबा, नको, कान..." मग पुन्हा डबा. तीनदा. मशीनच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. आई काचेतून बघत होती आणि गात होती. तिचा आवाज तेवढा थरथरला. त्याच कंपाला लोक आजवर डोक्यावर घेऊन नाचताहेत.

आणि आपण सांगत आलो, दादा जिन्यावरून पडला, म्हणून त्याचा कान गेला. डॉक्टरांसमोर मीही ते घडाघडा म्हटलं होतं. सहा वर्षांची होते. बाबांनी शाबासकी दिली होती.

गुरुवारी बाबांना ऐकवलं.

"बंद कर."

"बाबा, ठेवायचं की काढायचं?"

"दाबून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी आई शहाणी होती, कधी ब्र काढला नाही."

मी आवाज वाढवला. त्यांनी स्टूल उचललं, स्पीकरचा चुराडा केला आणि माझ्याकडे वळले. मी हात मध्ये घातला. सत्तरीच्या माणसात एवढी ताकद कुठून येते रे? दवाखान्यात नर्सने विचारलं, तर तोंडून निघालं, "जिन्यावरून पडले." दारापर्यंत गेले, परत आले, खरं सांगितलं. तिने खाडाखोड करून नव्याने लिहिलं.

मार तुझा आहे. तो विकणारी मी कोण? म्हणून दोन प्रती पाठवतेय. एकीत तू आहेस, दुसरीत नाहीस. चांगल्या कानाने ऐक आणि सोमवारपर्यंत कळव. तू म्हणशील तीच जाईल.

आता राहिलेलं. डब्याच्या आवाजाआधी सूर क्षणभर वर चढतो. आई चुकली नव्हती. रेकॉर्डिंग चालू असताना फिरतं रीळ कुणी बोटाने अडवलं, की ते मंदावतं आणि नंतर ऐकताना सूर चढलेला लागतो. बाबा ओरडले, "कुणी हात लावला?" तू म्हणालास, "मी."

दादा, तू कोपऱ्यात गृहपाठ करत होतास. तुझे दोन्ही हात वहीवर होते.

तो चढलेला सूर मिनिटभरात सरळ करता येतो. दोन्ही प्रतींत मी त्याला हात लावलेला नाही.

ते बोट जिचं,
ती तुझी धाकटी