आईचा शुक्रवार

आई, आज शुक्रवार आहे, दुपार व्हायला आली आहे आणि मी बाहेर ओसरीत खुर्ची टाकून बसले आहे. आत तुझे जावई कुकरशी झुंजताहेत. या उन्हाळ्यात मी शाळेतून निवृत्त झाले. किती मजेत आहे म्हणून सांगू! घंटा नाही, हजेरी नाही, तपासायला वह्या नाहीत. सकाळी दोघं कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं लांबवर फिरून येतो, पेपर अगदी लग्नाच्या जाहिरातींपर्यंत वाचते, दुपारी पंखा लावून ताणून देते. गोम एकच होती. दोघंही घरी म्हणजे चहाच चहा, आणि 'आता तू घरीच आहेस तर' अशी सुरुवात करून येणाऱ्या फर्माइशी. आज धपाटे, उद्या वरणफळं. काल रात्री पानं वाढता वाढता मी म्हटलं, "उद्या मी स्वयंपाक करणार नाही." "उपास आहे का?" यांनी विचारलं. "नाही, सुट्टी आहे." "आता तर रोजच सुट्टी की!" असं म्हणून हे हसले, आणि मला एकदम तू आठवलीस. पुढचं वाक्य तुझं आयतंच तयार होतं.

दादा वजीफ्यावर आले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. पेन्शन हा शब्द आपल्या घरात फार नंतर आला, निजामाच्या राज्यात तो वजीफाच. परभणीच्या तहसील कचेरीत त्यांनी सारी उमर कारकुनी केली, उर्दूत कागद लिहिले. सुट्टी काय ती शुक्रवारची. तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारीच असायची. वजीफा झाला आणि शेरवानी खुंटीला गेली ती गेलीच. काय तो थाट! उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचं, मग उघड्या अंगानं अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकायची, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं आणि घटकेघटकेला आत सांगायचं, "चहा होऊ दे." येईल त्याला ऐकवायचे, "आता आपल्याला रोज शुक्रवार!" असा एक आठवडा गेला. मग एका सकाळी तू चुलीपुढून उठलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि दारात येऊन उभी राहिलीस. "तुमाला रोज शुक्रवार झाला, लय चांगलं झालं. मला एक तरी पायजे का नको?" दादांना वाटलं, थट्टा आहे. "घे की," ते म्हणाले. "घेतला," तू म्हणालीस.

शुक्रवार उजाडतो. तू न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसतेस, पुढ्यात सुपात भाजलेल्या शेंगा. मी सवयीनं आत वळते तशी माझी वेणी तुझ्या हातात. "तू आत गेलीस तर शुक्रवार मोडला. बस हितं." आतून आधी धूर येतो, मग खोकला, मग दादांचा आवाज. "मिठाचा डबा कुठाय?" "घरातच हाय." "अगं, पन घरात कुठं?" "मला कुनी दावला व्हता? मी हुडकला." तुझा चेहरा कसा अगदी निवांत! पण आई, मी तुझा हात बघितला होता. आत भाकरी थापल्याचा वेडावाकडा आवाज सुरू झाला आणि इकडं तुझ्या शेंगा फोडायच्या थांबल्या. तुझा उजवा तळवा आपल्या आपण मांडीवर थापत होता, हलके हलके, अगदी तालात.

तेवढ्यात दादांच्या कचेरीतले जुने पेशकार दारात हजर. जेवायच्या वेळी आलेल्या पाहुण्याला तसंच जाऊ द्यायची आपल्याकडे रीत नाही. तुझा एक पाय ओट्यावरून खाली आला. दादा पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आले. पेशकारांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि अदबीनं विचारलं, "वहिनीसाहेब बीमार हायेत का?" दादांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. त्यांची इज्जत राहिली असती, तू आत जाऊन निजली असतीस, आणि तुझा शुक्रवार पहिल्याच दिवशी संपला असता. दादांनी हात झटकले. "न्हाई, ठणठणीत हायेत. आज त्यांचा शुक्रवार हाय. तुमी हातपाय धुवा, मी भाकरी करायलोय."

पेशकार आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. जेवले मात्र सावकाश. भाकरी कुठं जाड, कुठं भोकाची, पिठलं खारट. जाताना दादांना म्हणाले, "एवढं आमच्या घरी कळू देऊ नका." मग दादांनी तुझं ताट वाढून ओट्यावर आणलं. आपल्या घरात तुझ्यापुढं आयतं ताट आलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तू सगळी भाकरी खाल्लीस, करपलेल्या कडेसकट, आणि म्हणालीस, "आजून एक वाढा." दादांचा चेहरा असा फुलला की वजीफा झाला त्या दिवशीही तसा फुलला नव्हता.

पुढं तर त्यांना त्या कामाची गोडीच लागली. स्वयंपाक झाला की कचेरीतल्यासारखं मोठ्यानं "हाजिर!" म्हणून ओरडायचे. मंगळवारीही मीच करतो म्हणायला लागले, तेव्हा तूच त्यांना आवरलंस. आणि तू? उरुसातल्या रहाटपाळण्यात तू नऊवारीचा काचा घट्ट करून बसलीस तोही शुक्रवारच. दादा खाली तुझ्या चपला हातात धरून उभे, आणि तू वरून मला हाका मारत होतीस. रझाकारांच्या त्या भीतीच्या दिवसांत आपण दारं लावून बसायचो, तेव्हाही शुक्रवारी चूल दादांनीच पेटवली. मग निजामाचं राज्य गेलं, सुट्टी रविवारची झाली. दादांनी तुला हळूच विचारलं, "आता तुझा बी इतवार करायचा का?" तू म्हणालीस, "सरकारनं त्यांचा बदलला आसंल. माझा शुक्रवार सरकारनं दिला न्हवता."

आई, मी इतकी वर्षं शाळेत मुलांवर हुकूम चालवले, पण घरात 'मला एक तरी पायजे का नको?' हे तुझं एक वाक्य बोलायला मला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. मघाशी आतून हाक आली, "अगं, मोहरी कुठं आहे?" मी इथूनच म्हटलं, "घरातच हाय." यांना काही कळलं नाही, मी मात्र एकटीच हसत सुटले. आता फोडणी करपल्याचा वास येतो आहे. हा कागद तुला पाठवायचा कुठं, ते मला माहीत नाही आणि खरं सांगू का, तुला पाठवायला म्हणून मी तो घेतलाही नव्हता. हात रिकामा राहिला असता तर मी केव्हाच उठून आत गेले असते. तुझ्या हाताला मांडी होती, मी पेन धरलं. आता आत ताटं मांडल्याचा आवाज येतो आहे. वरण खारट असणार. मी दुसऱ्यांदा मागून घेणार आहे.