इंजिन लावलं की डावीकडं

नांदेड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय व्यंकटी,

शरणु शरणार्थी. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. देगलूरला बहिणीच्या घरी सगळे बरे असाल. तू मोंढ्यात पोती उचलतोस असं कळलं. तुझी कंबर आधीच दुखरी, जपून राहा. इकडं थंडी सरली. दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्तीला येऊन राहिल्यात. नीलम्माचं गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. आमची अक्षरा कुबड्या घेऊन फिरायला लागली. नकली पायाचं माप देऊन आलो, पुढच्या महिन्यात बसवतील.

तुला लिहायचं ते हे नाही. चार कागद फाडले, हा पाचवा.

मागच्या रविवारी अक्षरा म्हणाली, मला धरणावर न्या. मी नको म्हणालो. नीलम्माही नको म्हणाली. तिनं स्वतःच रविकिरण साहेबांना फोन लावला. साहेब नौदलातले, पोरांना शीड शिकवायचं म्हणून एवढ्या लांब मुंबईहून ती बोट आणणारे. पण ऑक्टोबरपासून त्यांनीही बोटीला हात लावला नव्हता. ते लगेच या म्हणाले.

घाटाच्या पायऱ्यांवरून तिला उचलून खाली नेलं. त्याच पायऱ्या, व्यंकटी. मी मान वर केली नाही. पोरीनं जॅकेट बांधलं, तुझ्या जागेवर बसली आणि सुकाणू धरलं. शिडाकडं साहेब, इंजिनाकडं मी.

ती म्हणाली, आधी शिडावर चालवू. वारा बरा होता. पलीकडच्या काठावरची पंपहाउसची भिंत नजरेत धरून ती निघाली, बोट सरळ गेली. मग शीड उतरवलं, तशीच वाहत जाऊ दिली. सरळ. साहेबांनी सुकाणूचं पातं वर घेऊन पाहिलं. वाकलेलं नव्हतं, ढिलं नव्हतं. मग इंजिन लावलं. हळू चालवलं, सरळ. पूर्ण रेस दिला, तरी सरळ.

साहेब म्हणाले, बोटीत दोष नाही. तुमच्या अपघातानंतर आठवड्याभरानं आम्ही पोलिसांसमोर चालवून पाहिली, तेव्हाही नव्हता.

अक्षरा बोटांवर मोजत म्हणाली, इंजिनाचा पाण्यातला पंखा एकाच बाजूला फिरतो, त्यानं बोट जराशी सरकते. इंजिन मधोमध नाही, सुकाणूच्या बाजूला आहे, त्यानं अजून जराशी. पण ते दोन्ही आजही तसंच आहे. ऑक्टोबरात मी स्वतः आठ दिवस सुकाणू धरलं होतं. शिडावर सरळ जायची आणि इंजिन लावलं की डावीकडं वडायची. व्यंकटीकाका रोज सांगायचे. तेव्हा होतं आणि आज नाही, असं काय?

एवढं बोलून ती मागं वळली आणि इंजिनाखाली बघायला लागली. बोटीवरचा एकूण एक बोल्ट गंजलाय. इंजिन जिच्यावर बसतं त्या पट्टीचे तेवढे चार चकचकीत.

"अप्पा," ती म्हणाली, "ही पट्टी कधी बदलली?"

साहेबही माझ्याकडं बघत होते. मी काय केलं ते त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

व्यंकटी, तुला आठवतं, सप्टेंबरात इंजिनाचं जुनं ब्रॅकेट तडकलं. साहेब म्हणाले, मुंबईहून मागवतो, पंधरा दिवस लागतील. मी म्हणालो, त्याला कशाला मुंबई, मी करून देतो. तीस वर्षं झाली मोटारी बसवून. त्याच्या जागी लोखंडाची पट्टी कापली, भोकं नजरेनंच पाडली. एक भोक अर्धा इंच सरकलं. इंजिन तिरपं बसलं. दुसरी पट्टी कापायला तासभर लागला असता. मी लाकडाची पाचर ठोकली आणि बोल्ट आवळले.

तू तीनदा सांगितलंस. पहिल्यांदा दुकानात, दोनदा घाटावर. "अण्णा, हळू असली की माझं ऐकतच नाही. सुकाणू इकडं, बोट तिकडं. एकदा बघा की." मी म्हणालो, मनगटात जोर आण. पोरांसमोर म्हणालो आणि हसलो.

मग तो दिवस. वारा पडला, तू इंजिन लावून परत येत होतास. अक्षरा डाव्या कडेला पाय बाहेर सोडून बसली होती, पायऱ्या जवळ आल्या की पायानं बोट रोखायला. मी घाटावर तिला न्यायला उभा होतो. बोट डावीकडं आली. तू सुकाणू पूर्ण उजवीकडं वळवलंस, मी डोळ्यांनी पाहिलं. बोट सोडवायला रेस दिलास आणि ती अजूनच डावीकडं घुसली. दगडाच्या पायरीत आणि बोटीत तिचा पाय. त्याच क्षणी मला कळलं होतं. लेकराच्या किंकाळीच्या आधी मला पट्टी आठवली.

दवाखान्यात पोलीस आले. आत तिचा पाय कापून राहिले होते. काय झालं विचारलं. मी म्हणालो, व्यंकटीचं लक्ष नव्हतं, तो एका हातानं मोबाईल बघत होता. तू समोरच्या बाकावर बसला होतास, कपड्याला तिचं रक्त. तू म्हणालास, साहेब, बोट वडते म्हणून मी अण्णाला सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, मला कधीच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पंचनाम्याच्या आधी, मी धरणावर जाऊन नवी पट्टी बसवली. नीट मापानं. तासभर लागला.

म्हणून बोट सरळ चालली आणि तू खोटा पडलास.

हे सगळं मी बोटीतच बोललो. अक्षरानं शेवटी एवढंच विचारलं, जुनी पट्टी आहे का? होती, दुकानात ऑइलच्या ड्रमामागं. फेकायला गेलो होतो, फेकली नाही. ती म्हणाली, आणा. मी रिक्षानं गेलो, आणली, पाचरीसकट बसवली. इंजिन लावलं. बोट डावीकडं निघाली. पोरीनं दोन्ही हातांनी सुकाणू दाबून धरलं, दंडाच्या शिरा ताणल्या, तरी येईना. साहेबांनी इंजिन बंद केलं.

ती म्हणाली, "काकांनी एवढं धरून ठेवलं होतं."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. परवा लातूरला मावशीकडं गेली. नीलम्मा ताट वाढून आत जाते.

कावेरीबाई, हे पत्र तुम्हीच नवऱ्याला वाचून दाखवत असाल. डिसेंबरात तुम्ही माझ्या दारात आला होतात. नीलम्मानं घरात नाहीत म्हणून सांगितलं. मी घरात होतो. पडद्यामागून तुमच्या चपला दिसत होत्या. तुम्ही अर्धा तास थांबलात. मला खोकला येत होता, मी तोंडावर टॉवेल दाबून बसलो. तुम्ही उठून गेलात तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायची गरज नव्हती, कुणी विचारणार नव्हतं. तरी लिहिलं.

सोमवारी ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. पट्टी, पाचर, बोल्ट जमा केले. रविकिरण साहेबांनी पाहिलं तसं लिहून सही केली. फौजदार म्हणाले, आधीचा जबाब खोटा म्हणता, मग गुन्हा तुमच्यावर येईल. मी म्हणालो, येऊ द्या. त्यात माझं काही मोठेपण नाही. अक्षरानं पट्टी ओळखली नसती तर मी ठाण्यात गेलो असतो का, हे मी रोज स्वतःला विचारतो, आणि उत्तर मला माहीत आहे.

२० तारखेला कोर्टात तुझी तारीख आहे. तुझ्या वकिलाला सगळ्या कागदांच्या नकला दिल्यात. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडं बघू नकोस. मी आधी उभा राहून सांगेन, मग तुझं नाव पुकारतील. तुझे चार महिने गेले, चारचौघांत तुझं नाव गेलं, तू हे गाव सोडलंस, हे कोर्ट परत देणार नाही. मीही देऊ शकत नाही. माफी मागायला शाई पुरेल, तोंड पुरणार नाही.

अक्षराचा नवा नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. तिला तुझ्याशी बोलायचंय. तेवढा फोन घे. तिचं काही चुकलेलं नाही.

तू मला वीस वर्षं अण्णा म्हणालास. यापुढं म्हणू नकोस, असं मीच सांगतो. कोर्टात पुकारतील तेच नाव खाली लिहितो.

राजशेखर चन्नबसप्पा हुडगे