धनगरवाड्याचे पाच ठिपके

भिलाई,
११ एप्रिल १९७३

प्रिय पमे,

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. तुझ्या विहिरींच्या नकाशाला पहिला नंबर मिळाला, तात्यांनी सगळ्या शाहूपुरीला पेढे वाटले. दुष्काळात नव्या विहिरी कुठं खणायच्या ते ठरवायला सरकारी कचेरीनं त्याची प्रत नेली, यादी मेअखेर पक्की होणार. सातवीत दोनदा नापास झालेल्या भावाला तू लिहितेस, दादा, निम्मा नंबर तुझा. तेवढंच वाक्य रोज काढून वाचतो बघ.

इथं पोलादाच्या भट्टीपाशी जीव रमत नाही. सारखा तुझा तो पाटावर पसरलेला कागद डोळ्यापुढं येतो. एक निळा ठिपका म्हणजे एक विहीर. मी सायकलवरून गारगोटीकडची गावं पालथी घालून वहीत आकडे आणायचो, आणि तू जीभ दातात धरून टाकानं ठिपके द्यायचीस. शाळेत सरांनी शिकवलेलं मला शिकवायचीस. नकाशा लांब धरायचा, नजर आधी कुठं जाते ते बघायचं, मग बरा का वाईट ते ठरवायचं. आणि माहिती नसेल तिथं पांढरं सोडायचं. मी हसलो होतो. म्हटलं, सर म्हणतील, पोरीनं काम अर्धवट टाकलं की.

माझ्या खोलीत गुंडू राहतो, गारगोटीच्या वरच्या धनगरवाड्यातला. त्याला वाचता येत नाही, त्याची पत्रं मीच वाचतो. गेल्या आठवड्यात एक आलं. त्याची आई शालूबाई खालच्या झऱ्याचं पाणी घेऊन चढताना घसरली. घागरीसकट दगडावर आपटली, जागीच गेली. वाड्यावर विहीर नाही, कधीच नव्हती. वाड्यातली माणसं विहीर मागायला गेली तर कचेरीत म्हणाले, नकाशात तुमच्याकडं पाच हायत की. गुंडू रडत मला विचारत होता, व्हय रं नरसू, कुठला नकाशा? मी पत्राची घडी घालून त्याच्या हातात दिली.

पमे, त्या वाड्याचा आकडा आणायला गेलो त्या दिवशी मी वर चढलोच नाही. ऊन मरणाचं होतं. पायथ्याला सायकल लावून चहा प्यालो, चहावाल्याला विचारलं, वर विहिरी किती? तो म्हणाला, असतील की चार-पाच, पावणं. मी वहीत पाच लिहिल्या. तुझ्या नकाशाला भोक दिसू नये, एवढंच मनात होतं.

आता हे पत्र घेऊन कचेरीत जा, सरांनाही दाखव. नंबर जाईल तुझा. तात्या माझं तोंड बघणार नाहीत. गुंडूला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही, रोज त्याच्या शेजारी बसून जेवतो. शालूबाई काही परत येत नाही. पण ब्लेडनं ते पाच ठिपके खरवडून काढ. आणि तिथं पांढरं सोडू नकोस. पांढरं म्हणजे माहीत नाही. आता माहीत आहे. तिथं शून्य लिही.

तुझाच, तोंड लपवून बसलेला,
नरसूदादा