कापराची बाटली आणि मीरगुलची सही

मी, कालिपा इसाबेकोवा, वय बाहत्तर, राहणार काराकोल, नर्सिंग शाळेची निवृत्त शिक्षिका, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. रक्तदाब आज सकाळी स्वतः मोजला आहे. माझ्या भावापेक्षा बरा आहे.

१. राहते घर, सफरचंदाच्या सात झाडांसह, नर्सिंग शाळेला द्यावे. वॉर्डातून शिकवायला आलेल्या नव्या शिक्षिकेला तेथे पहिले वर्ष फुकट राहता यावे. वर्षानुवर्षे सुया टोचलेल्या बाईच्या हातात एका सोमवारी खडू देतात आणि म्हणतात, शिकव. माझ्या पहिल्या तासाचा सगळा धडा अकरा मिनिटांत संपला होता. उरलेला वेळ मी खिडकीबाहेर पाहत उभी होते. म्हणून अट अशी, की नवीच्या पहिल्या तासाला एका जुन्या शिक्षिकेने मागच्या बाकावर बसावे. तास सुरू होण्याआधी तळवे उघडून, प्रवासाला निघणाऱ्याला देतो तसा आशीर्वाद द्यावा. चुका नंतर, चहाबरोबर सांगाव्यात.

२. चहाचे पाणी उकळते ठेवणारा समोवार माझा भाऊ तोकोन याला द्यावा. "आमची कालिपा बोलायला लागली की मटण थंड होतं," असे तो चाळीस वर्षे प्रत्येक पंगतीत म्हणत आला आहे. निदान त्याचा चहा तरी गरम राहो.

३. पुस्तके कपाटासह शाळेला द्यावीत. कपाटाला कुलूप लावू नये. आमचे एक मुख्याध्यापक किल्ली खिशात ठेवून म्हणायचे, "नर्सला संशोधन कशाला? तिनं थर्मामीटर वाचावा." मी भर सभेत त्यांना विचारले होते, की ताप का चढला हे विचारायला कोणाची परवानगी लागते? दर गुरुवारी माझ्या घरी नव्या संशोधकांनी आपापले प्रश्न घेऊन बसावे. "आम्ही नेहमी असंच करतो," हे वाक्य त्या घरात कोणीही उच्चारू नये.

४. ते वाक्य मी स्वतः उच्चारले आहे. खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णाची कातडी लाल झाली, की कापराच्या अर्काने जोरात चोळा, असे मी एकतीस वर्षे शिकवले. आमची नवी शिक्षिका मीरगुल हिने आपल्या पहिल्याच अभ्यासात साठ रुग्ण पाहिले. चोळलेल्यांना जखमा जास्त झाल्या होत्या. कागद घेऊन ती माझ्याकडे आली. थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, तशी तीही मला म्हणते.

"एजे, चोळू नये असं दिसतंय. कूस बदलत राहावी."

"आम्ही नेहमी असंच करतो. तुझ्या जन्माआधीपासून चोळतेय मी."

"म्हणून तर आधी तुम्हाला दाखवायला आणलं."

निवृत्तीनंतरही मार्गदर्शक मीच असल्याने माझ्या सहीशिवाय तो निबंध बिश्केकच्या परिषदेला जाऊ शकत नव्हता. नव्यांसाठी आयुष्यभर टेबलावर मुठी आपटणाऱ्या मी तो आठ महिने खणात ठेवला. यंदा हिवाळ्यात बर्फावर घसरून माझे खुब्याचे हाड मोडले. पडून पडून टाच लाल झाली. मीरगुल कापराच्या अर्काची बाटली घेऊन उशाशी उभी राहिली.

"चोळू का, एजे? तुम्ही शिकवलंत तसं?"

"नको."

ती हसली नाही. पोटरीखाली उशी सरकवून तिने टाच अधांतरी ठेवली. निबंधावर मी आज सही केली आहे. तो यंदाच्या परिषदेला जाईल. बाटली वर्गाच्या खिडकीत ठेवावी आणि तिच्यावर लिहावे: कालिपा एजेची चूक, एकतीस वर्षे.

५. मीरगुलला काहीही देऊ नये. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "एक पुस्तकसुद्धा नाही?" तिला सांगितले, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं नोटरी म्हणतात. आणि कलम चारखाली मला तुझीच सही हवी आहे."

तिने लगेच सही केली नाही. शाळेचे जुने रजिस्टर मागवले, बोट फिरवत वाचले आणि म्हणाली, "एजे, आकडा चुकलाय."

दुरुस्ती: कलम चारमध्ये दोन्ही ठिकाणी 'एकतीस' ऐवजी 'तेहेतीस' वाचावे.

सही: कालिपा इसाबेकोवा
साक्षीदार: १. मीरगुल तुराटोवा, शिक्षिका (रजिस्टर तपासून) २. डॉ. ओस्मोन जानिबेकोव
काराकोल, १४ एप्रिल २०२३