स्टुडबेकरची माणसं

साउथ बेंड, इंडियाना
७ एप्रिल १९५३

चि. ब्रोन्या हिला,
दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी मिळालं. काल डिंगसचा सोमवार होता, एकमेकांवर पाणी ओतायचा दिवस. तू लग्न करून कॅनडात गेल्यापासून बादलीभर पाणी ओतायला हक्काचं माणूस उरलं नाही. तुझ्या वहिनीवर, स्तासियावर ओतलं, तर तिनं दुपारपर्यंत मला सॉसेजचा तुकडा दाखवला नाही. सगळी गल्ली हसली.

खरी बातमी पुढेच आहे. आपल्या स्टुडबेकर कंपनीची नवी गाडी आली! तिच्यासारखी गाडी अमेरिकेत दुसऱ्या कुणाकडं नाही, हे मी भाऊ म्हणून नाही, यंत्रं बसवणारा माणूस म्हणून सांगतो. इतकी बुटकी आणि लांब, की उभी असली तरी पळत असल्यासारखी वाटते. आमच्या बोलिंग संघातल्या वितोल्डची टोपी आत बसताना पडते आणि तो दर वेळी गाडीलाच दोष देतो. बाबांना कारखान्यात दाखवायला नेलं. त्यांनी उमेदीत याच कंपनीच्या घोडागाड्यांची चाकं केली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, की छान आहे, पण ही बसायला केलीय की बघायला? मग घरी येईपर्यंत एकटेच हसत होते.

दोन्ही पाळ्या भरून चालल्यात. तिथं हॅमिल्टनलाही आपल्याच कंपनीच्या कारखान्यात तुला शिवणखात्यात घेतलं, हे वाचून ऊर भरून आला. माझ्या यंत्रांना शिव्या घालतच तू इथं सीटा शिवायला शिकलीस, हे तिथल्या मुकादमाला सांग. तुझ्या नवऱ्याला, ॲलेकला नमस्कार. तो अजून मासे तळून बटाट्यांबरोबरच खातो का? त्याला कोबी भरून आपले पिरोगी उकडून घाल, माणसात येईल.

आठवण ठेव आणि रागावायचं असलं तरी पत्रातूनच रागाव.
तुझा दादा,
तेओफिल

•

हॅमिल्टन, ओंटारिओ
२२ फेब्रुवारी १९५९

ती. दादास,
ब्रोन्याचा सा. न. वि. वि.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला येता आलं नाही. तळ्यावरून आलेल्या बर्फानं रस्तेच बंद होते. मी इथल्या पोलिश चर्चमध्ये मेणबत्ती लावली. ॲलेकही आला होता. त्याला प्रार्थनेतलं अक्षर कळत नाही, पण गुडघे टेकून शेवटपर्यंत बसला. त्याच्या माशांबद्दल यापुढं एक शब्द लिहायचा नाही.

मागचं वर्ष तुम्ही कसं काढलंत ते तू कधी लिहिलं नाहीस. मला वहिनीच्या नाताळच्या पत्रावरून कळलं. सात महिने घरी बसलास, आणि मला मात्र हवापाणी आणि बोलिंगचे निकाल कळवत होतास. इथंही आम्हाला वाटलं होतं, संपलं. मोठ्या तीन कंपन्यांसमोर आपली एकटी कंपनी, आणि लोकांना दर वर्षी आणखी लांब, आणखी चकचकीत गाडी हवी. मग ही छोटी लार्क आली. आमच्या शिवणखात्यातल्या बायका पहिल्यांदा म्हणाल्या, की ही गाडी नाही, बुटाचा खोका आहे. आता त्याच खोक्याच्या सीटा शिवताना मान वर काढायला सवड नाही. आमच्या समोरच्या शिक्षिकेनंही घेतलीय. तिला मी सांगून टाकलं, की बाई, तुम्ही माझ्या टाक्यांवर बसून शाळेत जाता.

तुला परत कामावर बोलावल्याचं वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. पण दादा, पुन्हा असं झालं तर मला आधी सांग. मी धाकटी आहे, लहान नाही.

वहिनीला मिठी. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ब्रोन्या

•

हॅमिल्टन
११ डिसेंबर १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा रेडिओवर ऐकलं. साउथ बेंडचा कारखाना नाताळच्या आत बंद, आणि यापुढं सगळ्या गाड्या हॅमिल्टनला बनणार. काल सकाळी आम्हाला सगळ्यांना जमवून तेच सांगितलं. इथलं काम वाढणार, नवी माणसं घेणार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची चूक नाही, त्यांच्या घरीही चुली आहेत. माझे हात वर उठले नाहीत. शेजारच्या डोरीननं विचारलं, तुला आनंद नाही का झाला? मी म्हटलं, माझा भाऊ तिकडं आहे. तिनं टाळ्या थांबवल्या.

मी आजच मुकादमाला जाऊन भेटले. तुझ्यासारखा यंत्रं जाणणारा माणूस त्यांना हवाच आहे. ॲलेक म्हणाला, की वरच्या खोलीला तो नव्यानं रंग देईल, तुम्ही दोघं हवे तितके दिवस, हवी तितकी वर्षं राहा. दादा, ये. तू काही मागत नाहीस, मी बोलावतेय.

सोबत नाताळची पापडी पाठवतेय, आमच्या चर्चमधली. टपालात मोडली तर मोडू दे, नाहीतरी मोडूनच वाटायची. माझा तुकडा मी तुझ्या नावानं खाल्ला.

दोन ओळी तरी लिही.
तुझी,
ब्रोन्या

•

साउथ बेंड
२ फेब्रुवारी १९६४

सौ. वन्सं यांस,
स्तासियाचा स. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली, तिन्ही उशीखाली आहेत आणि उत्तर एकाचंही नाही, म्हणून शेवटी मी लिहिते. तुझ्या भावाला यातलं काही माहीत नाही. त्याला कळलं तर रागवेल, रागवू दे. राग आला तर निदान बोलेल.

पापडी मिळाली. त्यानं ती मोडली, अर्धी मला दिली, आणि खिडकीशी उभा राहून आपली अर्धी खाल्ली.

कारखाना बंद झाल्यावर त्याला आणि आणखी काहीजणांना थोड्या दिवसांसाठी परत बोलावलं. काम काय, तर शिवणखात्यातली यंत्रं आणि सीटांचे साचे खोलून, ग्रीस लावून, खोक्यांत भरून तुमच्याकडं पाठवायचे. म्हणजे आपल्याच हातानं आपलं काम गाडीत घालून निरोप द्यायचा. बरेचजण नाही म्हणाले. हा गेला.

तिथं वितोल्डही होता. तुला तो माहीतच आहे, वीस वर्षं एका संघात बोलिंग खेळले. वितोल्ड म्हणाला, की प्रत्येक खोक्यात मूठभर वाळू टाकू, यंत्रं तिकडं पोचतील पण चालणार नाहीत. दोघं-तिघं तयारही झाले. तेओफिलनं प्रत्येक खोकं स्वतः उघडून पाहिलं आणि स्वतःच खिळे मारले. वितोल्डनं सगळ्यांसमोर विचारलं, कुणाची चाकरी करतोस? हा एवढंच म्हणाला, "दुसऱ्या टोकाला माझी बहीण बसते. तिच्या बोटांत सुई घुसवायला मी पंचवीस वर्षं इथं काम केलं नाही."

तेव्हापासून चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच असतो. लोक म्हणतात, बहिणीनं काम नेलं आणि भावानं बांधून दिलं. मला कुणी तोंडावर म्हणालं तर मी उत्तर देते, आणि माझं उत्तर तुला माहीत आहे. पण त्याला कुणाला उत्तर द्यायचं नसतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी कामावर घेत नाही, तरी रोज दाढी करून बाहेर पडतो.

तू लिहीत राहा. उशीखाली अजून जागा आहे.
तुझी वहिनी,
स्तासिया

•

हॅमिल्टन
१५ मार्च १९६४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यंत्रं पोचली. मुकादमानं मला खोकी उघडताना बोलावलं. एकही दोरा, एकही सुई हललेली नाही, प्रत्येक भाग तेलकट कागदात, आणि कुठला भाग कुठं बसतो ते खडूनं लिहिलेलं. दुपारी आम्ही शिवायला बसलो. मुकादमानं विचारलं, हे कुणी बांधलं? मी म्हटलं, माझ्या भावानं. सगळ्या खात्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

मी तुझी कीव करत नाही. तुला शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या लिही, पण लिही. गप्प बसायचं तू बाबांकडून शिकलास आणि ते मला त्यांचंही आवडायचं नाही.

वरची खोली रंगवून झाली. ॲलेकनं निळा रंग दिलाय, भयंकर दिसतो.
वाट पाहणारी,
ब्रोन्या

•

साउथ बेंड
७ जून १९६४

चि. ब्रोन्या हिला,
दादाचे अ. उ. आ.

स्तासियानं तुला लिहिलं होतं, हे तिनं काल कबूल केलं. मी रागावलो नाही. ॲलेकला सांग, निळ्या खोलीबद्दल मी आयुष्यभर त्याचा आभारी राहीन, पण मी येणार नाही.

का, ते नीट वाच, कारण हे लिहायला मला इतके महिने लागले. मी तुमच्याकडची खोकी भरली. काय पाठवलं ते माझ्या हातांना ठाऊक आहे. जे पाठवलं ते सगळं आत्ताच्या गाडीचं. पुढच्या गाडीचं काहीही नव्हतं. नव्या गाडीसाठी नवे साचे लागतात, ते वर्ष-दोन वर्षं आधी सुरू करावे लागतात. इथं कुणी ते करत नव्हतं. गाड्या आखणारी माणसंही पांगली. तुमच्याकडं कुणी करत असेल तर मला कळव, मी चुकलो म्हणून आनंदानं नाचेन. पण मला वाटतं, हॅमिल्टनकडं फार दिवस नाहीत. आहे ते विकून संपेल. मी तिकडं आलो, तर तीच गोष्ट मला पुन्हा बांधून द्यावी लागेल.

म्हणून तुला सांगतो. काम हातात आहे तोवर आपलं स्वतःचं काही सुरू कर. तुझ्यासारखी शिवणारी बाई दुसऱ्याच्या दारात उभी राहायला नको.

माझं म्हणशील तर मी शाळेत जातोय. हसू नकोस. जिथं जावं तिथं बारावी विचारतात आणि मी सातवीत शाळा सोडलेली. सरकारनं बंद कारखान्यातल्या आमच्यासारख्या थोराड मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग काढलाय. पहिल्या दिवशी माझ्या बाकावर कोण आलं असेल? वितोल्ड. दुसरी जागाच नव्हती. तीन आठवडे आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो आणि एक शब्द बोललो नाही. मग त्यानं खोडरबर मागितलं. मी दिलं. आता त्याचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे आणि तो ते मला विसरू देत नाही.

माझ्या बोलण्याचा राग येईल. आला तरी विचार कर.
तुझा दादा,
तेओफिल

•

हॅमिल्टन
२८ जून १९६४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग आला. रागातच लिहितेय, म्हणून अक्षर वाईट आहे.

तुमचा कारखाना गेला म्हणून आमचाही जायलाच हवा, असं काही आहे का? इथं सगळे जीव तोडून काम करतात. सकाळी दारातून आत जाताना आता मी प्रत्येकीचं तोंड पाहते आणि मनात म्हणते, बाई, तुला माहीत नाही, मला माहीत आहे. ही चांगली भेट दिलीस.

तू शाळेत जातोस हे मात्र मी सगळ्यांना सांगितलं. ॲलेकनं तुझ्यासाठी पेन्सिली आणल्यात.

रागावलेली, पण तुझीच,
ब्रोन्या

•

हॅमिल्टन
२० मार्च १९६६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला रेडिओवरून कळलंच असेल. गुरुवारी शेवटची गाडी निघाली. निळसर हिरवी, चार दारांची. तिच्या मागच्या सीटची शिवण माझी. मी घाई केली नाही. एक टाका वाकडा गेला तो उसवून पुन्हा घातला. डोरीन म्हणाली, आता कोण बघणार? मी म्हटलं, मी बघतेय. गाडी दाराबाहेर गेली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता तुला जे दोन वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. तू बरोबर होतास, हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं होतं. नव्या गाडीचं कुणी नावच काढत नव्हतं. पण तुला तसं लिहिण्यापेक्षा मी संध्याकाळी घराच्या तळघरात होड्यांची आच्छादनं शिवायला लागले. मग डोरीनला घेतलं, मग तिच्या बहिणीला. गेल्या महिन्यात आम्ही बार्टन रस्त्यावरचं चांभाराचं बंद दुकान भाड्यानं घेतलं. शुक्रवारी सकाळी सवयीनं कारखान्याच्या वेळेला उठले आणि दुकानात जाऊन बसले. दुपारपर्यंत एक मांजर तेवढं आलं. मग एक मच्छीमार फाटकी ताडपत्री घेऊन आला आणि संध्याकाळी एका बसमालकानं सगळ्या सीटा पाहायला बोलावलं. मी घाबरलेय दादा, पण परत फिरणार नाही.

एक अडलंय. पाटी रंगवायची आहे. कारखान्यात कुणाला माझं नाव घेता आलं नाही म्हणून तेरा वर्षं मी तिथं बेटी या इंग्रजी नावानं होते. रंगारी म्हणतो, बेटीच लिहा, नाव सुटसुटीत. ॲलेक म्हणतो, स्टुडबेकरच्या बायका असं काहीतरी लिहा, लोकांना ओळख पटेल. तू काय म्हणतोस?

उत्तर उशीखाली ठेवू नकोस.
तुझी,
ब्रोन्या

•

साउथ बेंड
२७ मार्च १९६६

चि. ब्रोन्या हिला,
दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी वाचलं, मग स्तासियानं वाचलं, मग वितोल्डला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो आता रविवारी आमच्याकडंच जेवतो. मी पहिल्या परीक्षेत गणितात नापास झालो आणि तो पास झाला. तरी तो वर्ग सोडून गेला नाही. रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून मला अपूर्णांक शिकवायचा आणि चुकलो की लाकडी चमचा टेबलावर आपटायचा. गेल्या महिन्यात मी पास झालो. मला शाळेच्या बसगाड्यांच्या दुरुस्तीवर घेतलंय. मुलं मला आजोबा म्हणतात. ते मला चालतं.

टाका उसवून पुन्हा घातलास, ते ऐकून वितोल्ड उठून अंगणात गेला. बऱ्याच वेळानं आला. तुला सांगायला म्हणाला, की त्या वाळूची त्याला लाज वाटते. मी म्हटलं, कळवतो. कळवलं.

आता पाटीचं. आजोबांनी त्या कंपनीसाठी लाकडं कापली, बाबांनी चाकं केली, मी यंत्रं बसवली, तू सीटा शिवल्यास. कंपनी चांगली होती, गाड्या चांगल्या होत्या, मला त्यांची कधी लाज वाटली नाही आणि कुणी वाईट बोललं तर आजही मी भांडेन. पण एवढ्या पिढ्यांत आपल्यापैकी कुणाचं नाव कशावरही लिहिलं गेलं नाही. बेटी नको आणि स्टुडबेकरही नको. तुझं पूर्ण नाव, ब्रोनिस्वावा लिही, सगळंच्या सगळं. लोक शिकतील म्हणायला. मी या वयात अपूर्णांक शिकलो.

आणि रंगारी म्हणाला की नाव मावत नाही, तर अक्षरं बारीक करू देऊ नकोस. पाटी मोठी घे.

ईस्टरला आम्ही दोघं येतोय, तुझी पाटी बघायला. त्या निळ्या खोलीत झोपू. डिंगसला बादली तयार ठेव, पाणी मी ओतणार.

तोवर आमच्यावरचा लोभ दुकानाच्या गडबडीत हरवू नकोस.
तुझा दादा,
तेओफिल