वळणावरच्या सासूबाई

हरारे,
३ सप्टेंबर १९९७

ती. एनेसिया तेतेंना,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून शि. सा. न. वि. वि. तुम्ही सुखरूप असाल तर आम्हीही सुखरूप आहोत.

बातमी अशी, की यंदाची ट्रायथलॉनची शर्यत आपल्या चिकोरे धरणावर ठरली आहे. देशात एवढी धरणं असताना क्लबवाल्यांना नेमकं माझं माहेर सापडलं. आधी धरणात पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसून दवाखान्याच्या चढापर्यंत जाऊन परत यायचं, आणि मग गिरणीच्या वळणावरून धावत पुन्हा धरणाच्या भिंतीवर. चाळिशीपुढच्या गटातले पहिले दोघे डिसेंबरात देशाकडून परदेशी, गाबोरोनेला, खेळायला जाणार. तुमचे जावई, म्हणजे आमचे हे, मुचादेई मागच्या वर्षी तिसरे आले, त्याच्या आदल्या वर्षीही तिसरेच. अडतिसाव्या वर्षी नगरपालिकेच्या तलावात पोरासोरांच्या हसण्यात पोहायला शिकलेला माणूस आहे तो. आता घरात तिसरा हा शब्दच काढायची सोय नाही. परवा मी म्हटलं, पिशवीतला तिसरा टोमॅटो सडका निघाला, तर जेवले नाहीत.

यंदाही तसंच झालं तर सायकल विकून टाकतो म्हणतात. विकणार नाहीत, मला माहीत आहे. पण म्हणतानाचा चेहरा मला आवडला नाही.

खरी काळजी आईची. जावयाने सासूला रस्त्यात पाहिलं की थांबायचं, उकिडवं बसायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि तिने उत्तर दिल्यावरच उठायचं. तुमच्या जावयांना हे हाडीमासी भिनलेलं आहे. आणि आईचं उत्तर म्हणजे कशी झोप लागली इथून सुरू होऊन शेळ्या, पाऊस, कुणाचे गुडघे असं गावभर फिरून येतं. तेवढ्यात अख्खा देश पुढे निघून जाईल. तेव्हा त्या दिवशी तिला घरात ठेवा, कसंही करा. मला इस्पितळातली पाळी बदलून मिळत नाही, नाहीतर मीच येऊन दाराला कडी घातली असती.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, पण कमी करू नका.

तुमची भाची,
नेत्साई

———

चिकोरे,
१० सप्टेंबर

चि. नेत्साईस,

तुझ्या आत्याचे, तेतेचे, अनेक आ. वि. वि. पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. त्याने ते वाचलेलं होतं, कारण पाकीट देता देता म्हणाला, म्हातारीला कोंडणं कठीण आहे.

कठीण कसलं, अशक्य आहे. शर्यतीची बातमी तुझ्या पत्राच्या आधी गावात पोचली. मुखियाने रविवारी चर्चबाहेर जाहीर केलं, की शहरातली मोठी माणसं आपल्या पाण्यात पडायला येणार आहेत, कुणी हसायचं नाही. मी तुझ्या आईला म्हटलं, वहिनी, त्या दिवशी ऊन फार असणार, तुम्ही आपल्या शेंगा सोलत बसा. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिच्या नवऱ्याची बहीण आहे हे मलाच क्षणभर आठवेना. म्हणाली, लेकीचा नवरा माझ्या गावच्या रस्त्यावरून धावणार आणि मी चुलीपाशी? उद्या लोक म्हणतील सासू-जावयाचं फाटलं. मग तुम्ही फिराल का घरोघर सांगत, की फाटलं नाही म्हणून?

तिचंही खरं आहे ग. न गेली तर अपमान, गेली तर अडथळा.

मग तिने विचारलं, कपडे काय घालणार? मी खरं ते सांगितलं, की अंगाला चिकटलेली चड्डी, गुडघ्याच्या बरीच वर. ती खाली बसली. अकरा वर्षांत जिने जावयाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं नाही, टाळ्यांच्या उत्तरापलीकडे एक शब्द त्याच्याशी थेट बोलली नाही, सगळं माझ्या तोंडून कळवलं, त्या बाईला आता एकदम मांडी! मला विचारलं, हा खेळ माणसं राजीखुशीने खेळतात? मी म्हटलं, वर्गणी भरून खेळतात. सायकलीचं वजन कमी व्हावं म्हणून घंटी काढतात आणि स्वतःच्या पोटाला हात लावत नाहीत.

तुझ्या नवऱ्याच्या, माझ्या जावयाच्या, पोटाबद्दल बोलत नाही हो. तो वाळलेलाच आहे. त्याला खायला घाल.

लोभ वाढला तर कळव, इकडे साठवायला जागा आहे.

तुझी,
तेते

———

हरारे,
१६ सप्टेंबर

ती. तेतेंना,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी ह्यांच्यापासून लपवलं, आणि त्यांनी ते शोधून वाचलं.

अजून एक सांगायचं राहिलं. शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत घेतली की बाद करतात. घोटभर पाणीसुद्धा वाटेतल्या माणसाकडून चालत नाही. आता आई येणार म्हणजे केळी घेऊन येणार. सासूने दिलेलं नाकारता येत नाही. ते एका हाताने घेता येत नाही. आणि सायकलवर असताना दोन्ही हात सोडले तर काय होतं ते मी इस्पितळात रोज बघते.

ह्यांना विचारलं, तुम्ही डोळे मिटून नाही का जाऊ शकणार? म्हणाले, रीत मोडली म्हणून घरात कुणीतरी मेलं तर चालेल का तुला? मग बराच वेळ चाकाच्या तारा पुसत बसले आणि हळूच म्हणाले, नेत्साई, गाबोरोनेला जायचं आहे ग मला. एवढंच. तेते, काहीतरी करा.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू, आत्ता डोळ्यांपुढे नुसती केळी दिसतायत.

तुमची,
नेत्साई

———

चिकोरे,
२३ सप्टेंबर

चि. नेत्साईस,

अनेक आ. वि. वि. काळजी सोड. तोड निघाली आणि ती तुझ्या आईनेच काढली. मी नुसती वाखाणली.

ती येणार. नवा निळा झगा घालून गिरणीच्या वळणावर उभी राहणार, सगळ्या गावाला दिसेल अशी. पण रस्त्याकडे पाठ करून! म्हणजे तिने जावयाला पाहिलं नाही आणि जावयाला ती भेटली नाही. मांडीचाही प्रश्न मिटला. मुखियाला विचारलं. त्याने तंबाखू चघळत विचार केला आणि म्हणाला, पाठीला नमस्कार करायची रीत आपल्यात नाही, जाऊ दे. केळी मी काढून घेतली आहेत.

जावयाला नीट समजावून सांग, की पाठ म्हणजे कुणी नाही. झाड आहे असं समजायचं आणि पुढे व्हायचं.

आता लोभ मागून घे.

तुझी,
तेते

———

चिकोरे,
५ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. नेत्साईस,

आ. वगैरे सगळे आलेच. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. ड्रायव्हर बाहेर भोंगा वाजवतो आहे. त्याला सांगितलंय थांब, तूही वाचणारच आहेस, मग नीट लिहू दे. जावईबापू सुखरूप आहेत. त्यांना आज सोडत नाही, घरोघर जेवायला बोलावणी आहेत, बुधवारी येतील. म्हणून सगळं माझ्याकडूनच ऐक आणि शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस.

सकाळी पाणी बर्फासारखं. सगळे एकदम आत पडले आणि धरण उकळायला लागल्यासारखं दिसलं. तुला माहीत आहे, पाण्यातल्या बायांनी कुणाला खाली ओढून नेलं तर काठावर रडायचं नसतं, रडलं की तो परत येत नाही. म्हणून आम्ही तीसेक बायका आधीपासूनच तोंडं घट्ट आवळून, कोरड्या डोळ्यांनी बसलो. पाहुण्यांतली एक बाई मला म्हणाली, तुम्हाला खेळ आवडत नाही का? मी म्हटलं, फार आवडतो, म्हणून तर अशा बसलोय.

जावई पाण्यातून बाहेर आले ते आठवे-नववे. पण सायकलवर बसले आणि नेत्साई, हा माणूस आपल्या घरी मान खाली घालून मक्याच्या पिठाचा साडझा खातो तोच का, असं मला वाटलं! दवाखान्याच्या चढावर एकेकाला मागे टाकत गेले. वळणावरून सायकल गेली ती सूं करून, तुझ्या आईचा झगा वाऱ्याने उडाला. ती हलली नाही. गेला का, एवढंच पुटपुटली.

सायकली टाकून धावायला लागले तेव्हा गटात पहिला मुटारेचा एक लांब टांगांचा डॉक्टर. त्याची बायको कुठली देव जाणे, त्याला आपल्या गावात कुणापुढे बसायचं नव्हतं, तो निघून गेला. दुसरे आपले मुचादेई! आणि मागे शंभरेक पावलांवर टायटस, आपल्या शेजारच्या घरचा जावई, मागच्या वर्षीचा दुसरा. सगळं गाव पळ, पळ म्हणून ओरडत होतं. मुखियासुद्धा.

आणि वळणावर मुचादेई थांबले.

थांबले, उकिडवे बसले, आणि तुझ्या आईच्या पाठीमागे टाळ्या वाजवायला लागले.

आमच्या सगळ्यांची एक चूक झाली होती बघ. अकरा वर्षं हा माणूस सासूपुढे मान खाली घालून बसला आहे. त्याने तिचं तोंड कुठे पाहिलंय? त्याने पाहिल्या आहेत त्या तिच्या टाचा. आम्ही तिला फिरवून उभी केली आणि तो ज्यांना नमस्कार करत आला नेमक्या त्याच त्याच्याकडे केल्या. पाठीला तो झाड समजला असता, टाचांना कसा समजेल?

आता त्याला उत्तर मिळाल्याशिवाय उठता येईना, आणि तिने तर त्याला पाहिलेलंच नाही, ती उत्तर कसं देणार? ती खांबासारखी ताठ. तो टाळ्या वाजवतोय, घाम टाचांजवळच्या धुळीत पडतोय. आणि एवढ्यात टायटस आला. माझ्या मनात आलं, संपलं, तिसरा.

पण टायटसची बायको आपल्याच कुळातली ना! मग तुझी आई त्याचीही सासूच. त्याने एकदा धरणाच्या भिंतीकडे पाहिलं, एकदा टाचांकडे, एक शिवी हासडली आणि तोही मुचादेईशेजारी बसला. दोघं शेजारी शेजारी टाळ्या वाजवतायत, आणि मागे रस्त्याच्या टोकाला चौथा ठिपक्याएवढा दिसतोय.

मी ओरडले, वहिनी, दोन जावई मुळं धरायला लागलेत, काहीतरी करा! तेव्हा तिने मागे न बघता विचारलं, दुसरा कोण? मी म्हटलं, टायटस. तिने विचारलं, आपल्या कुळात आधी कोण आला?

नेत्साई, दोन्ही लग्नांच्या बोलण्यांत मी होते. खोटं बोलले असते तर कुणी पकडलं नसतं. जीभ अडखळली, पण म्हटलं, टायटस.

ती फिरली. आधी टायटसला उत्तर दिलं, पूर्ण, झोपेपासून पावसापर्यंत, रीतीत एका शब्दाची काटछाट नाही. तो उठून सुटला. मुचादेई अजून खालीच, मान खाली. मी डोळे मिटले, म्हटलं आता ह्याचाही पाऊस होईपर्यंत सगळं गेलं. तर तुझ्या आईने त्याच्याकडे पाहिलं. सरळ, तोंडाकडे, चड्डीसकट. आणि मधे मला न घालता, स्वतःच्या तोंडाने एवढा मोठा आवाज काढला, की गिरणीवरची कबुतरं उडाली. म्हणाली, पळ!

मग काय विचारतेस! मीसुद्धा धावले, माझे गुडघे अजून तिकडेच आहेत. चर्चपाशी अंतर अर्धं झालं, धरणाच्या भिंतीवर खांद्याला खांदा, आणि दोरीवर आपला माणूस हातभर पुढे. दुसरा! तेव्हा मात्र सगळ्या बायका रडल्या, सकाळपासूनचं साचलेलं.

पण थांब. पंच आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की वळणावर एका बाईने धावणाऱ्याला काही सांगितलं. बाहेरची मदत. जावयाचा चेहरा राखेसारखा. पंचाने विचारलं, काय सांगितलं? मी म्हटलं, पळ म्हणाली. पंच म्हणाला, ते तर हे गाव सकाळपासून मलासुद्धा सांगतंय. तरी नियमाप्रमाणे त्याने टायटसला विचारलं, तुमची तक्रार आहे का. टायटस गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. म्हणाला, मला आधी उत्तर मिळालं, पुरं मिळालं, आधी उठलो आणि तरी हरलो. तक्रार कुठल्या तोंडाने करू? फक्त हे माझ्या बायकोला सांगू नका. ती त्याच्या मागेच उभी होती.

नाव लागलं ग. गाबोरोने!

तुझी आई घरी जाऊन बसली आहे, जेवायलाही बाहेर येत नाही. जावयाला सरळ पाहिलं आणि सरळ बोलली, म्हणून लाजली आहे. शेंगा सोलते आणि टरफलं भांड्यात, दाणे बाहेर टाकते. मला विचारलं, आता काय होईल? मी म्हटलं, डिसेंबरात परदेशी जाईल, दुसरं काय होणार.

ड्रायव्हरने भोंग्यावर डोकं टेकवलंय. आज लोभ नाही लिहीत, आज उतू चाललाय.

तुझी,
तेते

———

हरारे,
१३ ऑक्टोबर

ती. तेतेंना,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी वॉर्डात मोठ्याने वाचलं. टाके घातलेल्या दोघांना हसू नका म्हणून सांगावं लागलं.

तुमचे जावई बुधवारी आले. क्लबने पाठीवर देशाचं नाव लिहिलेला सदरा दिला आहे. तो खुंटीला आहे, त्याच्याकडे बघतही नाहीत. शेजारी अभिनंदनाला येतात, गाबोरोनेचं विचारतात, आणि हे सांगतात काय, तर अंबुया, सासूबाई, माझ्याशी बोलल्या. लोक म्हणतात, अहो पण शर्यत? हे म्हणतात, हो, तीही झाली. आणि मग पुन्हा, माझ्याकडे बघून बोलल्या.

टायटस येऊन गेला. डिसेंबरपर्यंत ह्यांच्याबरोबर सराव करणार आहे. पुढच्या वर्षी शर्यत त्याच्या सासूपासून लांब घ्यावी असा अर्ज त्याने क्लबकडे केला आहे.

आईला म्हणावं, आता जेव.

कळावे. लोभाचं माप मी सोडून दिलं आहे.

तुमची,
नेत्साई

ता. क. पाकीट चिकटवत होते तर ह्यांनी हात धरला. म्हणतात, अंबुया एक शब्द बोलल्या, त्याचं उत्तर माझ्याकडून गेलेलं नाही. आठवडाभर विचार चालला होता म्हणे. थेट बोलायचं धाडस नाही, म्हणून नेहमीसारखं तुमच्या तोंडून, पण त्यांच्याच शब्दांत, काही न वाढवता कळवायचं आहे. आईसमोर बसा, टाळ्या वाजवा आणि सांगा, जावई म्हणतात: पळालो.