न सुजलेला डंख

३ जून
आजपासून कीटकघरात रुजू. मोमोने, म्हणजे मामाने, कोबीच्या ट्रकमधून सामानासकट आणून सोडलं. मामाने लावलेली नोकरी म्हणजे आता वर्षभर ऐकून घ्यावं लागणार. मामीने उकडलेला दालो, म्हणजे अळूचा कंद, आणि डब्यातली मासळी बांधून दिली होती, ती संध्याकाळपर्यंत संपवली. टेकडीवर दोन खोल्यांची सिमेंटची इमारत, खाली कोबीचे वाफे आणि सिगातोका नदी. जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा, थंडी छान आहे.

इथलं सगळं सेरूवाया बाई एकट्या बघतात. मदतीला माणूस पाठवा, असा निरोप त्यांनीच मामाकडे धाडला होता. पन्नाशीच्या, अगदी शिडशिडीत, मऊ आवाजाच्या. काम त्यांनीच समजावलं. कोबी खाणाऱ्या अळ्या पाळायच्या, त्यांच्यात गांधीलमाश्यांना अंडी घालू द्यायची, नव्या माश्या शेतांत सोडायच्या. माशी मुंगीएवढी. अंड्यांबरोबर ती अळीत एक विषाणू टोचते. तो पिढ्यान्‌पिढ्या माशीच्याच अंगात राहतो, तिला काही करत नाही. अळीत गेला की तिच्या राखणदार पेशींना झोपवतो, म्हणून अंडी वाचतात. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.
बाई म्हणाल्या, "नवरा-बायकोनं इतकं जमवून घेतलेलं मी तरी पाहिलं नाही."

८ जून
आतल्या खोलीत वेगळी माशी आहे. बाईंनी ती वरच्या जंगलातून आणली. तपकिरी, बोटाच्या पेराएवढी. तिची पिल्लं अळीची कातडी फोडून बाहेर येतात, शेजारीच कोष विणतात, आणि अळी मरत नाही. खाणं सोडून कोषांवर पहारा देते. मी पेन्सिल जवळ नेली तर तिने डोक्याने फाडकन धक्का दिला.

पेनाया ट्रक घेऊन आला होता. तो माझा मामेभाऊ, म्हणजे तवाले. आमच्यात तवाल्याशी थट्टेशिवाय सरळ बोलायची पद्धतच नाही. अळी बघून म्हणाला, "बरं झालं, तवाले. लग्न जमलं नाही तरी दुसऱ्याची पोरं सांभाळायला मिळाली." मी म्हटलं, तुझ्या तोंडापेक्षा अळीचं बरं आहे. खूप हसलो.

१३ जून
जंगली माशी मनगटाला डसली. आग नाही, सूज नाही, खाजसुद्धा नाही. लहानपणी साधी गांधीलमाशी चावली तर माझा हात भोपळ्यासारखा व्हायचा. बाईंनी हात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दुखणार नाही." त्यांची बाही वर सरकली होती. कोपरापर्यंत तसेच ठिपके, ओळीने.

जेवताना लक्षात आलं, बाईंना मी अजून काही खाताना पाहिलेलं नाही.

१७ जून
दालो सोलताना चार दिवसांपूर्वी अंगठा कापला होता. जखम भरत नाही. पू नाही, लाली नाही, खपली नाही. कापली तशीच उघडी आहे. आरोग्य केंद्रात गेलो. नर्सने रक्त दोनदा तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, म्हणाली. यंत्र बिघडलंय म्हणत होती, पण माझ्याकडे बघायचं टाळत होती. उद्याच शहरातल्या इस्पितळात जा, असं लिहून दिलं.

राखणदार पेशी झोपल्यात. हे वाक्य सारखं डोक्यात येतंय.

१८ जून
सकाळी नऊच्या बसमध्ये बसलो. खिडकीची जागा मिळाली. तिकीट काढलं. त्यानंतरचं आठवतं ते कीटकघराच्या पायरीवरचं. दुपारचं ऊन, आणि माझ्या हातात आतल्या खोलीसाठी तोडलेली ताजी पानं. चपला चिखलाने भरलेल्या. बारा किलोमीटर चालत आलो असणार.

बाई दारात होत्या. अडवलं नाही, विचारलं नाही. नुसत्या बाजूला झाल्या.

१९ जून
पुन्हा निघालो. पुन्हा इथेच. भूक लागत नाही.

२० जून
बाई काल दुपारपासून आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. हाका मारल्या. शेवटी दार ढकललं.

चटईवर गुडघ्यांवर बसल्या होत्या. पदराखाली घेतल्यासारखे पुढ्यात कोष. पांढरे, माझ्या अंगठ्याएवढे. वीसेक. बाईंच्या पोटावर भोकं, रक्ताचा थेंब नाही. मी "बाई" म्हणत हात पुढे केला आणि त्यांनी डोक्याने मला असा धक्का दिला की मी दारावर आपटलो. डोळे माझ्याकडे होते. ओळख नव्हती.

मला इथे बोलावताना त्यांच्या तोंडून कोण बोलत होतं?

२१ जून
हाताच्या कातडीखाली हलतंय. मनगटापासून दंडाकडे. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

उद्या पेनाया माल घेऊन येणार. फाटकावर कागद लावला: आत येऊ नकोस, मोमोला सांग, हे घर जाळा. रॉकेलचा डबा स्वतःही उचलला होता. काडी ओढायला हात वळला नाही. सहा वेळा. मग पाहिलं तर मी डबा नाल्यात ओतून आलो होतो.

२२ जून
बाई गेल्या. बसल्या जागीच. सकाळी कोष फुटले. माश्या जाळीवर आहेत, शांत — वाट बघतायत —

ट्रक आला. पेनायाने कागद वाचला. हसतोय. तवाल्याने लिहिलेलं खरं कोण मानणार! खिडकीतून ओरडलो, जा, मरशील. तो म्हणाला, "आधी तू मर, तवाले, तुझी चादर मला होईल."

मग मी रडलो. त्याचं हसू गेलं. घाबरला. जाईल असं वाटलं —

नाही. मदतीला येतोय.

पायऱ्या चढतोय. मी आतल्या खोलीत. इथे कधी आलो — ओरडतोय जा म्हणून, पण तोंडातून आवाज मऊ निघतोय. बाईंसारखा. मी म्हणतोय, ये.

हात अजून माझा आहे. लिहून दारातून दाखवतो —

येऊ नकोस
येऊ नको
येऊ न
ये